नवीन कोरियन रोमकॉम: पहिल्या दोन भागांत काय दिसलं?

केतकी_पान

'डायनामाइट किस' सुरू झाली, त्याच आठवड्यात 'वुड यू मॅरी मी' संपली आणि 'बॉन अपेटिट, युअर मॅजेस्टी'वर लोक अजून बोलतायत. सगळं बोलणं इतर धाग्यांवर विखुरलंय, म्हणून हा वेगळा धागा. शक्यतो पहिल्या दोन भागांबद्दलच लिहू या, म्हणजे ज्यांनी मालिका सुरू केलेली नाही त्यांनाही वाचता येईल. पुढचं लिहायचं असेल तर वर 'स्पॉयलर' (म्हणजे इथे पुढची गोष्ट फुटतेय) लिहा.

माझं म्हणणं आधी मांडते. रोमकॉममध्ये, म्हणजे हलक्याफुलक्या प्रेमकथेत, दोघं एकत्र येणार हे पोस्टर बघूनच कळतं. त्यामुळे सुरुवातीला मी एवढंच बघते की या दोघांना एका छताखाली किंवा एका ऑफिसात आणणारं कारण किती खरं आहे. तिला खोटं लग्न का करावं लागतंय? तो ते नाटक का मान्य करतोय? हे कारण पोकळ निघालं तर पुढचे दहा भाग म्हणजे नुसते गोड प्रसंग, एकापुढे एक. यंदाच्या (2025) चांगल्या मालिकांमध्ये हे कारण घर, नोकरी आणि मूल यांतून आलंय. म्हणूनच मला हे वर्ष रोमकॉमसाठी फार चांगलं गेलंय असं वाटतं.

'वुड यू मॅरी मी' बघा. एसबीएस या कोरियन वाहिनीवर 10 ऑक्टोबरला सुरू झाली, शुक्रवार-शनिवार, एकूण 12 भाग. यू मेरीचं (जंग सो-मिन) ठरलेलं लग्न मोडतं आणि नव्या संसारासाठी घेतलेल्या भाड्याच्या घरात डिपॉझिटची फसवणूक होते. नवरा गेला, घर गेलं, पैसे गेले. अशात एका डिपार्टमेंट स्टोअरच्या सोडतीत तिला आलिशान घर लागतं, पण ते नवदांपत्यासाठी आहे. ज्याच्याशी लग्न मोडलं त्याचं नाव किम ऊ-जू. आता तिला त्याच नावाचा दुसरा माणूस हवा आहे आणि तो सापडतो (चोई ऊ-शिक). हा देशातल्या सगळ्यात जुन्या बेकरीच्या घराण्यातला, चौथ्या पिढीतला मुलगा. नावाचा योगायोग पचवायला थोडा वेळ लागतो, मान्य. पण मेरी दाराशी उभी राहून त्याला 'माझा नवरा व्हाल का' असं विचारते तेव्हा मला तिचा लोभ दिसला नाही. सगळीकडून ढकललेल्या बाईने धरलेला शेवटचा आधार दिसला. जंग सो-मिन हे सगळं चेहऱ्यावर ओढूनताणून काही न आणता करते.

'डायनामाइट किस' 12 नोव्हेंबरपासून एसबीएसवरच, बुधवार-गुरुवार. नेटफ्लिक्सवर आहे. नोकरी शोधून दमलेली गो दा-रिम (आन उन-जिन) लहान बाळांच्या वस्तू करणाऱ्या कंपनीत लागते, पण ती जागा फक्त आयांसाठी आहे. म्हणून ती लग्न झालेली आणि मूल असलेली बाई असल्याचं सांगते. तिचा बॉस निघतो गोंग जी-ह्योक (जांग की-योंग), ज्याच्याशी जेजू बेटावर तिची भेट झालेली असते आणि शीर्षकातलं ते चुंबनही. श्रीमंत घरचा, प्रेमावर विश्वास नसलेला नायक आपण शंभरदा पाहिलाय. पण 'आई आहे असं सांगून नोकरी मिळवणारी अविवाहित मुलगी' ही कल्पना मी याआधी पाहिली नव्हती. आपल्याकडे मुलाखतीत 'लग्न झालंय का, मुलं कधी' असं विचारतात ते नोकरी नाकारायला. इथे बरोबर उलट. त्या एका उलट्या अटीमुळे पहिल्या दोन भागांत मी मालिकेशी बांधली गेले.

तुम्ही काय पाहिलंत, कुठे थांबलात, लिहा.

निळावंती

'वुड यू मॅरी मी'ला अगदी अनुमोदन. 'डायनामाइट किस' एका भागावर सोडली. पहिल्याच भागात चुंबन? मग उरलं काय?

रात्रपाळी

निळावंती, मला नेमकं तेच आवडलं. एरवी सातव्या-आठव्या भागापर्यंत छत्रीखाली उभं राहायचं, हाताला हात लागला की स्लो मोशन, आणि मग कुणाचा तरी फोन येतो. इथे लेखकाने पहिल्याच भागात ती गाठ सोडवून टाकली. आता प्रश्न 'कधी' असा राहत नाही. 'हे झालंय, आता रोज समोरासमोर कसं बसायचं' असा होतो. दोन मोठ्या माणसांच्या गोष्टीला हे जास्त शोभतं.

केतकी, तुझ्या कसोटीबद्दल माझं मत वेगळं आहे. मी हॉस्पिटलात काम करते, घरी आल्यावर मला आधी त्या दोघांचा सूर जुळलेला हवा असतो. कारण कितीही खरं असू दे, दोघं एका फ्रेममध्ये आल्यावर हवा बदलली नाही तर मी बंद करते. चोई ऊ-शिकचं बघ. तो बोलायच्या आधी किंचित थांबतो, वाक्य अर्धवट सोडतो, खांदे जरा झुकलेले. 'अवर बिलव्हेड समर'मध्येही त्याने तेच केलं होतं. नायकाची ऐट नाही, म्हणून त्याच्यासमोरची बाई मोकळी होते. घर-डिपॉझिट सगळं ठीक, पण मी तिसऱ्या भागाला बसले ती त्या थांबण्यासाठी.

सुवॉनकर

मी कोरियात, सुवॉनला राहतो. 'वुड यू मॅरी मी'मधल्या डिपॉझिटबद्दल थोडं लिहितो, कारण इथल्या प्रेक्षकाला तो प्रसंग बघताना पोटात गोळा येतो आणि बाहेरच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून तो सहज निसटतो.

इथे घर भाड्याने घ्यायची 'जॉन्से' नावाची पद्धत आहे. महिन्याचं भाडं नाही. त्याऐवजी घराच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त, कधी 70-80 टक्क्यांपर्यंत रक्कम मालकाला एकरकमी द्यायची. करार साधारण दोन वर्षांचा. मुदत संपली की सगळी रक्कम परत. मुंबईत 'हेवी डिपॉझिट'वर फ्लॅट घेतात ना, तोच प्रकार, फक्त इथे तो देशभर रुळलेला आणि रक्कम फार मोठी. तरुण जोडपी बँकेचं कर्ज काढून, आईवडिलांची शिल्लक घालून ही रक्कम उभी करतात. मालक ते पैसे ठेवून देत नाही, दुसऱ्या घरात घालतो आणि नवीन भाडेकरू आला की त्याच्या पैशातून जुन्याचे देतो.

2022 पासून व्याजदर चढले, घरांच्या किमती उतरल्या आणि ही साखळी तुटली. काही मालकांकडे द्यायला पैसे नव्हते, काहींनी तर पहिल्यापासून फसवायच्या इराद्यानेच शेकडो घरं अशी भाड्याने लावली होती. इंचॉन शहराच्या मिचुहोल भागातली प्रकरणं खूप गाजली, 2023 मध्ये तिथल्या काही तरुण भाडेकरूंनी जीव दिला. त्यानंतर फसलेल्या भाडेकरूंसाठी विशेष कायदा झाला, तो 1 जून 2023 पासून लागू आहे. फसलेल्यांत विशी-तिशीतले लोक सगळ्यात जास्त.

त्यामुळे मेरीची ही गोष्ट इथे कुणाला रचलेली वाटत नाही. लेखकाने हलक्याफुलक्या मालिकेची पायाभरणी अशा जागी केली, याचं मला कौतुक वाटतं.

अबोली

सुवॉनकर, फार छान समजावून सांगितलंत, धन्यवाद. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हेवी डिपॉझिटवर राहणारी दोन कुटुंबं आहेत. मालकाने घर सोडताना रक्कम द्यायला उशीर केला की काय जीव टांगणीला लागतो ते जवळून बघितलंय. आता तो भाग पुन्हा बघते.

जुनी_वही

केतकी_पान, धागा आवडला. एक मुद्दा मांडतो. घरासाठी करार-लग्न ही कल्पना यंदाची नाही, ती कोरियन रोमकॉमच्या मुळातच आहे.

2004 ची 'फुल हाउस' आठवा. वडिलांनी बांधलेलं घर नायिकेच्या मित्रांनी परस्पर विकून टाकलेलं, ते विकत घेणारा नट आणि त्याच्याशी तिचं करार-लग्न. 2005 ची 'माय नेम इज किम साम-सून' घ्या. केक-पेस्ट्री करणारी, तिशीला टेकलेली, तोंडाने फटकळ साम-सून रेस्टॉरंटच्या मालकाशी खोट्या प्रेमाचा करार करते 5 कोटी वॉनसाठी, आणि ते पैसे तिला हवे असतात ते वडिलांचं घर हातातून जाऊ नये म्हणून. शेवटच्या भागाचा टीआरपी 50 टक्क्यांच्या वर गेला होता. मग 2017 ची 'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ'. राहायला जागा नसलेली सहायक लेखिका, गृहकर्जात बुडालेला घरमालक, आणि भाडं व कर्ज दोन्ही सुटावं म्हणून केलेलं लग्न. आणि त्या लेखिकेच्या भूमिकेत कोण? हीच जंग सो-मिन.

म्हणून 'वुड यू मॅरी मी' बघताना मला नवी मालिका बघतोय असं वाटलं नाही. आठ वर्षांपूर्वीची तीच मुलगी अजून घर शोधतेय असं वाटलं. मला हे दुःखद वाटतं आणि मालिकेची ताकदही तीच वाटते.

केतकी_पान

जुनी_वही, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. जंग सो-मिनचा तो धागा जोडलात, अगदी नेमका.

मला फरक दिसतो तो हा. 'फुल हाउस'मध्ये घर जातं ते दोन लबाड मित्रांमुळे. मित्र सुधारले की प्रश्न मिटला. मेरीच्या बाबतीत दोष एका माणसावर टाकून मोकळं होता येत नाही, सुवॉनकरांनी सांगितलं तसं ते सगळ्या शहराचं दुखणं आहे. 'फर्स्ट लाइफ' या दोन्हींच्या मधली पायरी, आणि खरं सांगायचं तर तिन्हींत मला तीच सगळ्यात जास्त जवळची आहे.

रात्रपाळी, सूर जुळण्याबद्दल तू लिहिलंस ते मला पटतं, पण मी त्याचा क्रम दुसरा लावते. चोई ऊ-शिक थांबतो ते आपल्याला भिडतं, कारण समोरची मेरी काय मागतेय हे आपल्याला माहीत असतं. तिची मागणी क्षुल्लक असती तर तेच थांबणं नुसती लकब वाटलं असतं.

खमंग

माझं मत पूर्णपणे 'बॉन अपेटिट, युअर मॅजेस्टी'ला. तिथे ना डिपॉझिट, ना नोकरीचा दाखला. पॅरिसमध्ये स्पर्धा जिंकलेली शेफ यॉन जी-यंग (युना) विमानात एक जुनं पुस्तक उघडते, बाहेर सूर्यग्रहण, आणि ती थेट जोसन काळात, म्हणजे कोरियातल्या जुन्या राजेशाहीत, जाऊन पडते. राजा जुलमी आणि खाण्याचा दर्दी. त्याचं पात्र यॉनसान या खऱ्या राजावरून घेतलंय (कारकीर्द 1494 ते 1506), नाव थोडं बदललंय. केतकीच्या हिशोबाने या मालिकेला काही कारणच नाही. तरी पहिला भाग मी एका जागी बसून बघितला.

का, तर पहिला पदार्थ. राजवाड्यातली पंगत नाही, एका साध्या घरातला भात. भाज्या, गरम भात, गोचुजांग (मिरचीची आंबवलेली कोरियन चटणी) आणि त्यात लोणी. लोणी वितळून तिखट लाल गोचुजांगमध्ये मिसळतं, भाताच्या शितांना चकाकी येते, आणि ती चमच्याने खालून वर कालवत जाते. भात मोडत नाही, नुसता उलटा होतो. स्वयंपाक येणाऱ्या माणसाने हे दृश्य लावलंय हे चटकन कळतं. ज्याला ती वेडा समजतेय तो पहिला घास घेतो आणि बोलायचा थांबतो. दुसऱ्या भागात चिवट मांस मंद आचेवर पाण्यात वेळ देऊन मऊ करते, तिथे तर तिच्या जिवावरच बेतलेलं असतं. शेफची विद्या हाच तिचा एकमेव आधार, आणि त्याच विद्येने राजा तिला सोडत नाही. दोघांना एकत्र ठेवायला मला एवढं पुरतं.

ली चे-मिन चित्रीकरणाच्या तोंडावर या भूमिकेत आला, आधी दुसऱ्या नटाचं नाव होतं. एवढ्या घाईत त्याने तो राजा उभा केला! मालिका 4.9 टक्क्यांवर सुरू झाली आणि शेवटचा भाग 17.1 वर गेला (प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कोरियाचा देशभराचा आकडा). लोकांनी एकमेकांना सांगून सांगून वाढवलेली मालिका आहे ही.

केतकी_पान

खमंग, तुम्ही कारण नाही म्हणता आणि पुढच्याच परिच्छेदात ते सांगून टाकता! चांगलं रांधलं नाही तर जीव जाईल, याहून खरं कारण कोणतं? माझ्या कसोटीवर 'बॉन अपेटिट' अगदी वर बसते. ती घाबरलेली असतानाही तिचे हात कामात चुकत नाहीत, तिथे मी तिची झाले. भाताबद्दल मात्र तुम्ही लिहिलंत तसं मला लिहिता आलं नसतं.

दवबिंदू

यंदाच्या रोमकॉमबद्दल बोलतोय आणि 'लव्ह स्काउट' कुणीच काढली नाही? एसबीएस, 3 जानेवारी ते 14 फेब्रुवारी. हान जी-मिन ही हेडहंटिंग कंपनीची (इतर कंपन्यांना मोठ्या पदांसाठी माणसं शोधून देणारी) मालकीण, कामात वाघीण, बाकी स्वतःची चप्पल कुठे आहे तेही तिला माहीत नसतं. ली जून-ह्योक तिचा सेक्रेटरी, घटस्फोटित, लहान मुलीचा बाप. मुलीचं नाव ब्यॉल.

पहिल्या दोन भागांतलं मला लागलेलं सांगते. तो आधी एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये असतो आणि मुलीसाठी पालक-रजा घेऊन परत आलेला असतो. परत आल्यावर त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात ना, ती नजर. 'याला काम नकोय' अशी. कोरियात कायद्याने आई आणि बाप दोघांनाही वर्षभराची पालक-रजा आहे, फेब्रुवारी 2025 पासून ठरावीक अटींवर ती दीड वर्षापर्यंत नेलीये. कायदा आहे, पण रजा घेणाऱ्या बापाला ऑफिस काय वागणूक देतं ते मालिका दाखवते. आपल्याकडे 2017 पासून आईला 26 आठवडे, आणि खासगी नोकरीतल्या बापासाठी कायद्यात काहीच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला 15 दिवस. माझ्या नवऱ्याने बाळाच्या वेळी साठवलेली रजा टाकली तेव्हा त्याला ऑफिसात जे ऐकावं लागलं, ते मी विसरलेले नाही. म्हणून पडद्यावर एक पुरुष मुलीची वेणी घालून, डबा भरून ऑफिसला जातो आणि तोच त्या मालिकेचा नायक असतो, हे बघून मला मनापासून बरं वाटलं. त्याच्या देखणेपणाइतकंच कौतुक त्याच्या नीटनेटक्या कामाचं केलंय.

रात्रपाळी

दवबिंदू, +१००. आणि ली जून-ह्योकचा सूर! तो तिच्या टेबलावरचं सामान आवरतो तेव्हाही प्रेमाचा प्रसंग वाटतो. इथे तुझं, माझं आणि केतकीचं एकमत व्हायला हरकत नाही.

निळावंती

स्पॉयलर: 'डायनामाइट किस' भाग 3 आणि 4

रात्रपाळीमुळे परत सुरू केली. दुसऱ्या भागापासून पकड येते, मान्य. जी-ह्योकला ती लग्न झालेली वाटते आणि तो स्वतःला आवरत राहतो, हे जांग की-योंगने छान केलंय. पण मला गंमत आली ती तिच्या मित्राची. बायको सोडून गेलेला, मुलाला एकटा वाढवणारा फोटोग्राफर, तो तिचा खोटा नवरा बनतो. त्याच्या घरात मूल खरं आहे, आई खोटी आहे. मला नायकापेक्षा या घराचीच ओढ लागलीये.

केतकी_पान

निळावंती, स्पॉयलर: मलाही. आणि माझी काळजी तिथेच आहे. दा-रिमने ज्या जागेसाठी खोटं सांगितलं ती जागा खऱ्या आयांची आहे. मूल झाल्यावर नोकरी सुटलेल्या आणि पुन्हा कामावर येऊ बघणाऱ्या बायका त्या टीममध्ये तिच्या शेजारी बसल्यात. खोटं उघडं पडेल तेव्हा नायकाचं मन दुखावलं जाईल हे ठरलेलं आहे. पण त्या बायकांशी ती काय बोलणार? मालिकेने तो प्रसंग नीट लिहिला तर ती माझ्यासाठी यंदाची सगळ्यात चांगली रोमकॉम ठरेल. तो टाळून नुसता विमानतळ आणि पाऊस दाखवला तर मला वाईट वाटेल. आन उन-जिनवर माझा भरवसा आहे. 'हॉस्पिटल प्लेलिस्ट'मध्ये रात्रभर एकटीने वॉर्ड सांभाळून सकाळी उभी राहिलेली तिची डॉक्टर ज्यांनी पाहिलीये, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

सुवॉनकर

स्पॉयलर नाही. केतकी_पान, तुमची काळजी रास्त आहे. इथे लग्न-बाळंतपणात नोकरी सुटलेल्या बायकांचा प्रश्न फार मोठा आहे, जन्मदर 2023 मध्ये बाईमागे 0.72 इतका खाली गेला होता, 2024 मध्ये 0.75. सरकार, कंपन्या, टीव्ही सगळीकडे त्याचीच चर्चा. माझ्या कोरियन सहकारी बाई 'डायनामाइट किस' बघतायत आणि त्यांचंही लक्ष त्या आयांच्या टीमवरच आहे.

अबोली

तो भाग पुन्हा बघितला. या वेळी मेरी घराच्या कागदांकडे बघत उभी राहते तिथे पॉज करून नवऱ्याला बोलावलं आणि सगळं समजावलं. आता तोही पुढचे भाग माझ्याबरोबर बघायला बसतोय.

जुनी_वही

'बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ' ज्यांनी पाहिलेली नाही त्यांनी 'वुड यू मॅरी मी'च्या आधी बघा, असा माझा आग्रह आहे. 16 भाग आहेत, घाई करू नका.

केतकी_पान

सगळ्यांचे आभार. 2026 च्या सुरुवातीला हाँग भगिनींनी लिहिलेली 'कॅन धिस लव्ह बी ट्रान्सलेटेड?' नेटफ्लिक्सवर येतेय, किम सॉन-हो आणि गो युन-जंग. तो दुभाषा, ती अभिनेत्री. 'होमटाउन चा-चा-चा'नंतर किम सॉन-होला रोमकॉममध्ये बघायला मी केव्हाची थांबलेय. ती आली की पहिल्या दोन भागांचं इथेच लिहू या. तोवर बुधवार-गुरुवारचे 'डायनामाइट किस'चे प्रतिसाद येऊ द्या, वर 'स्पॉयलर' आणि भागाचा क्रमांक टाकून.